मागच्या खुर्चीतला वकील

मामा, तुमच्या जलदान विधीला परभणीचं निम्मं कोर्ट आलं होतं. मांडवात सतरंज्या टाकल्या होत्या, ज्यानं त्यानं हवं तिथं बसावं. पण नाही, मंडळी तिथंही बार रूममध्ये बसतात तशीच बसली. दिवाणीवाले भिंतीला पाठ लावून, निवांत. फौजदारीवाले मधोमध, आणि हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं तरी मागच्या गल्लीपर्यंत ऐकू जात होतं. नोटरी काका फाटकाच्या तोंडाशी, येणाऱ्या प्रत्येकावर शिक्का मारल्याशिवाय आत सोडायचं नाही अशा थाटात. तहसीलबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे दोघं अर्जनवीस चपलांच्या ढिगापाशी उभे होते; त्यांना मामीनं हाताला धरून पुढं आणून बसवलं. तुम्ही शेजारी असता तर मला कोपरानं ढोसून म्हणाला असता, "छाया, बघ. दिवाणीवाल्याला हितंबी पुढची तारीख पायजे." मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं मी रडायलेय, आणि त्यांनी पाठीवरून हात फिरवल्यावर खरंच रडू आलं.

आई आली होती. मातीलाही आली होती आणि विधीलाही. दोन्ही वेळेस मांडवाच्या खांबाला टेकून बसली, रडली नाही, कुणाशी बोलली नाही. जेवणाचं ताट समोर आलं तर चार घास खाल्ले. परत येताना एस.टी.त खिडकीकडं तोंड करून बसली. जिंतूरला उतरल्यावर म्हणाली, "झालं ना सगळं नीट?" एवढंच. तुमचं नाव तिच्या तोंडून तेव्हाही आलं नाही. इतकी वर्षं तुम्ही तिच्या बोलण्यात "तुझा मामा" होता, फार राग आला तर "तुझा वकील". भावाच्या मरणानंसुद्धा तिच्या जिभेची गाठ सुटली नाही, आणि मामा, मला तिचा असा संताप आला की घरी आल्यावर मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

वर्तमानपत्रात तुमच्यावर चार ओळी आल्यात. "ज्येष्ठ विधिज्ञ" असं छापलंय. मामीनं ते कात्रण कपाटाच्या काचेत लावलंय. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंत, "ज्येष्ठ ठीक हाय, पण कोणचा वकील ते कुठं लिव्हलंय?"

कारण तुमचा सगळा जन्म हेच समजावण्यात गेला. मी शाळेसाठी तुमच्याकडं परभणीला राहायला आले तेव्हा पहिल्याच रविवारी बघितलं. बाहेरच्या खोलीत माणसं भरलेली. कुणी पूर्णेकडचं, कुणी वालूरचं, कुणी पाथरीचं. तुम्ही एकेकाला ऐकून घ्यायचात आणि अर्ध्यांना दुसरीकडं पाठवायचात. "तुमचं काम माझ्याकडं न्हाई, शपथपत्र करायचंय, नोटरीकडं जा." "तुमी अर्ज लिहून घ्या आधी, त्याला वकील कशाला लागतोय?" "तुमचा बांधाचा वाद हाय. दिवाणी वकील गाठा, आणि बाबा, घाई करू नका, तो करणार न्हाई." माणसं गेली की मामीपाशी कुरकुर करायचात. "डोळे दुखले तर लोक दाताच्या डॉक्टरकडं जात न्हाईत. हितं मात्र काळा कोट दिसला की धरला त्याचा हात." मामी म्हणायची, "अशानं तुमच्याकडं ऱ्हाईल कोण?" तुम्ही म्हणायचात, "ज्याचं काम कुणीच घेत न्हाई तो."

मला तुम्ही त्या सगळ्यांच्या नकला करून दाखवायचात. दिवाणी वकील चहा पितो तो कसा, फुंकर मारून मारून, आजचा कप नातवानं संपवावा असा. फौजदारी वकील टपरीवर "एक कट" मागतो तोही कोर्टाला उद्देशून. न्यायाधीश साहेबांना विचारलं की चहा गोड झालाय का, तर ते दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय सांगणार नाहीत. निजामाच्या काळातले एक म्हातारे वकील होते, ते अजून फिर्यादीला मुद्दई म्हणायचे आणि तुम्हाला "बरखुरदार". त्यांची नक्कल करताना तुम्ही टोपीसुद्धा शोधून आणायचात. मी पोट धरून हसायचे. सरकारी वकिलाची नक्कल मात्र तुम्ही कधी केली नाहीत. मी एकदा म्हटलं, "तो राहिला की." तुम्ही म्हणालात, "त्याचं मलाच अजून कळलं न्हाई."

ते साल उगवलं तेव्हा मी तुमच्याच घरी होते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या. वालूरच्या पलीकडच्या आमच्या गावातही लोक चालून आले. वडील आधीच गेलेले, घरात आई एकटी. ती मागच्या कुडातून बाहेर पडली आणि ज्वारीच्या रानात बसून तिनं स्वतःचं घर जळताना बघितलं. कोण कोण होतं तेही बघितलं. ज्यांच्या रानात ती खुरपायला जायची तेच होते. सकाळी तुम्ही पोचलात तेव्हा ती राखेत पाटा शोधत होती. वरवंटा सापडला होता, पाटा सापडत नव्हता. तुम्ही तिला म्हणालात, "आक्का, ऊठ, फिर्याद देऊ." ती उठली. गावातली बाकीची माणसं भिऊन गप्प बसली, पण आई ठाण्यात गेली आणि नावं सांगून आली. तिच्या अंगात हे बळ कुठून आलं असं कुणी विचारलं तर ती एकच सांगायची. "माझा भाऊ वकील हाय. माझी केस त्यो लढणार हाय."

अख्ख्या वस्तीला तिनं हेच सांगितलं, मामा. तुम्ही तिला खरं सांगायचा प्रयत्न केला होता, मी ऐकलंय. पोलीस केस असली की ती सरकार चालवतं, फिर्यादीनं कितीही मोठा वकील लावू दे, त्यानं सरकारी वकिलाच्या मागच्या खुर्चीत बसायचं, त्याच्या कानात सांगायचं, स्वतः तोंड उघडायचं नाही. आई हसली होती. तिनं तुम्हाला सेलूच्या कोर्टात बोलताना बघितलेलं. डबा घेऊन आली होती एकदा, दारातून ऐकत उभी राहिली, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की आप्पा बोलायला लागला की जज्ज लिहायचं थांबवतेत. तिथं तुम्ही आरोपीचे वकील होतात. आरोपीच्या वकिलाला बोलता येतं आणि जिचं घर जळालं तिच्या वकिलाला येत नाही, हे तिला पटणार कसं? मला कॉलेजात शिकवलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही नीटसं पटलेलं नाही, आणि मी आता त्याच नियमाच्या पगारावर जगतेय.

केस उभी राहायला वर्षं गेली. आईची साक्ष होती त्या दिवशी मी आणि मामी मागच्या बाकावर होतो. आईनं तुमच्यासाठी भाकरी-ठेचा बांधून आणला होता, सुटीत खाऊ म्हणाली. पिंजऱ्यात उभी राहिली ती ताठ. सरकारी वकिलांनी विचारलेलं सगळं नीट सांगितलं, नावं घेतली, बोट करून माणसं दाखवली. मग आरोपीचा वकील उठला. रात्र होती ना? हो. अंधार होता ना? हो. धूर होता? व्हय, लय धूर. मग तोंडं कशी दिसली बाई तुम्हाला? आईला उत्तर माहीत होतं. छप्पर पेटल्यावर दिवसासारखा उजेड पडला होता, हे तिनं आम्हाला दहादा सांगितलेलं. पण तो पुढं सरकून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लागला, खोटं बोलताय म्हणाला, आणि आई गोंधळली. तिनं मान वळवली आणि सरळ तुम्हाला हाक मारली. "आप्पा, सांग की रे तू. तुला सगळं सांगितलंय की मी."

सगळं कोर्ट तुमच्याकडं बघायला लागलं. तुम्ही मान खाली घातलीत. साहेब म्हणाले, बाई, इकडं बघा. आई बघेना. "आप्पा." तुम्ही टेबलाच्या कडेकडं बघत राहिलात. नंतर सरकारी वकिलांना फेरतपासणीची संधी होती. एकच प्रश्न पुरे होता, उजेड कशाचा होता. तुम्ही पुढं झुकून त्यांच्या कानाशी लागलात, मी बघितलं. त्यांनी माशी हाकलावी तसा हात केला आणि फेरतपासणी नाही म्हणून सांगितलं. आई पिंजऱ्यातून उतरली ती तुमच्या खुर्चीजवळून, तुमच्याकडं न बघता बाहेर गेली. भाकरीचं फडकं तिच्या काखेतच होतं. निंबाखाली बसलेल्या एका म्हातारीला तिनं ते देऊन टाकलं.

सगळे सुटले. संशयाचा फायदा.

त्यानंतर आईनं तुम्हाला भाकरी बांधली नाही. तुम्ही दोनदा आलात, तिनं पाणी दिलं, बसा म्हणाली, आणि चुलीकडं तोंड करून बसली. तुम्ही नियम पुन्हा समजावायला गेलात तेव्हा बोलली ते माझ्यासमोरच. "सेलूला तोंड हुतं, परभणीला गेलं व्हय? घर माझं जळलं आन् तू बसून ऱ्हायलास." तुम्ही "व्हय आक्का" म्हणालात आणि चपला घातल्या. वस्तीतले लोक भलतंसलतं बोलत होते, तुम्हाला कुणी गप्प केलं म्हणून. आई तसं कधी बोलली नाही, एवढं तिच्या बाजूनं सांगते. तिला तुमच्या इमानाचा संशय नव्हता. तिनं हाक मारली आणि तुम्ही वर बघितलं नाही, हेच तिच्या काळजात राहिलं.

मीही तुम्हाला सोडलं नव्हतं. वकिलीला लागले त्या वर्षी कोर्टामागच्या टपरीवर मी भांडायलाच बसले. म्हटलं, तुम्ही उभं राहायचं होतं. साहेबांनी खाली बसवलं असतं तर बसायचं होतं. निदान आईनं बघितलं तरी असतं. तुम्ही बशीत चहा ओतत होता. म्हणालात, "निकाल वाचलास का तू?" मी निकाल मिळवला, वाचला आणि पुन्हा टपरीवर आले. त्यात लिहिलं होतं की साक्षीदार स्वतःच्या आठवणीनं बोलत नाही, अडचणीचा प्रश्न आला की वकील भावाकडं बघते, तेव्हा ती पढवलेली आहे असं दिसतं. तिच्या हाकेनंच केस गेली होती. तुम्ही त्या वेळी वर बघितलं असतंत, नुसती मान हलवली असतीत, तरी आरोपीच्या वकिलानं ते तिथल्या तिथं लिहून घ्यायला लावलं असतं. उरलीसुरली साक्ष वाचावी म्हणून तुम्ही मान खाली घातलीत आणि तीही वाचली नाही.

"मग हे आईला सांगा की," मी म्हटलं.

"काय सांगू? तू मला हाक मारलीस म्हणून ते सुटले, असं?"

"खरं आहे ते."

"खरं हाय म्हणूनच न्हाई सांगायचं. तिचं घर गेलं, रानातलं काम गेलं, गाव गेलं. आता हे तिच्या डोक्यावर ठेवू? तिला माझा राग येतोय, येऊ दे. माझ्यावर राग धरून ती उभी हाय. सवताचा राग आला तर बसंल ती." मग माझ्याकडं बोट केलंत. "तूबी सांगायचं न्हाई. वकिलाकडं दिलेली गोष्ट हाय ही."

मी म्हटलं, तुम्ही माझे अशील नाही. तुम्ही म्हणालात, चहा मी पाजलाय, झालो अशील.

मामा, ही तुमची चलाखी मला कधी आवडली नाही. तुम्ही मोठे झालात आणि आई वर्षानुवर्षं लहान राहिली, तिला काही न कळू देता. तिला न विचारता तुम्ही तिच्या वतीनं निकाल दिलात, आणि तुम्ही तर न्यायाधीशांच्या नकला करायचात. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, पाठीमागं बोलत नाही. तुम्ही म्हणालात, "अपील कर." मी करणारच होते.

तेवढ्यात मला सरकारी वकिलाची नेमणूक मिळाली, जिंतूरच्या कोर्टात, आणि भांडणाला नवा विषय झाला. मला वाटलं पेढे वाटाल. तुम्ही पेढा खाल्लात आणि पुन्हा कागदांत डोकं घातलंत. मी म्हटलं, त्या खुर्चीत आपलं माणूस पाहिजे होतं, तेव्हा असतं तर आईला तो प्रश्न विचारला गेला असता. तुम्ही म्हणालात, "त्या खुर्चीत बसलं की कुणी आपलं ऱ्हात न्हाई. फिर्यादी आपला न्हाई, पोलीस आपले न्हाईत. उद्या आरोपी निर्दोष दिसला तर तेबी तुलाच सांगावं लागंल. जमंल?" मी म्हटलं, मग फिर्यादीचं कोण? "म्हणून तर मागची खुर्ची असती." मग त्या खुर्चीचा उपयोग काय, तोंड शिवून बसायचं? यावर तुम्ही दर वेळी नवीन काहीतरी सांगायचात आणि मी ते खोडून काढायचे. मामी म्हणायची, मामाभाची रविवार साजरा करायलेत. नामविस्तार झाला त्याच्या पुढच्या रविवारी गल्लीत अजून फटाके वाजत होते आणि तुम्ही दारात खुर्ची टाकून बसला होता. मी विचारलं, आनंद झाला ना? "झाला की. मागितलं नामांतर, मिळाला विस्तार. वकिलाला फरक कळतो, पण पेढा दोन्हीचा गोडच लागतोय." मग डोळे पुसलेत. म्हणालात, "आक्काचं घर लय महाग गेलं ह्या नावाला." आणि मी निघताना, पायात चपला घालत असताना, दर रविवारी विचारायचात तेच विचारलंत. "आक्का कशी हाय?"

बरी आहे, असं मी दर रविवारी सांगायचे. इकडं जिंतूरला आई दर रविवारी संध्याकाळी दारात उभी. तुमचं काही विचारायची नाही. "बस येळेवर भेटली का?" असं विचारायची आणि मी जे काही बडबडेन ते भांडी घासायचं थांबवून ऐकायची. हे मी तुम्हाला सांगितलं होतं का? बहुतेक नाही. तुम्हाला ते कळलं असतं तर बरं झालं असतं. पण एका रविवारी जायच्या आत शेजारच्या दुकानात तुम्ही गेल्याचा फोन आला, आणि आमची सगळी भांडणं तशीच उघडी राहिली. तुम्हाला एकदा तरी जिंकून द्यायला हवं होतं असं वाटतं, मग वाटतं, तुम्हाला ते लगेच कळलं असतं आणि राग आला असता.

आता जे घडलं ते सांगते. त्यासाठीच लिहायला बसलेय.

तुमचा विधी होऊन आठवडा झाला नसेल, आई सकाळी लुगडं बदलून तयार. म्हणाली, घरात करमंना, कोर्टात येते. मी चपापले. त्या साक्षीनंतर ती कोर्टाची पायरी चढली नव्हती, माझी पहिली केस होती तेव्हासुद्धा नाही. नको म्हणायची माझी छाती झाली नाही. मागच्या बाकावर बसवलं तिला.

त्या दिवशी एका सासुरवाशिणीची साक्ष होती. नवऱ्यानं आणि दिरानं मारून घराबाहेर काढलेली. तिच्या बापानं आपल्या बाजूनं वकील दिला होता, देशमुख म्हणून, पन्नाशीचा पोक्त माणूस. ते नियमाप्रमाणं माझ्या मागच्या खुर्चीत बसले. मी पोरीला विचारायचं ते विचारलं, ती बरी बोलली. मग नवऱ्याचा वकील उठला. तीच तऱ्हा, मामा. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, आवाज चढवून. पोरगी गोंधळली आणि तिनं मान वळवून देशमुख वकिलांकडं बघितलं. हाक मारली नाही, नुसतं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, पण मला माहीत होतं की देशमुखांनी मान खाली घातली असणार. मी बघितलं ते आईकडं. आई बाकाच्या कडेवर पुढं सरकून बसली होती आणि त्या माणसाच्या खाली गेलेल्या मानेकडं बघत होती.

उलटतपास संपला. देशमुख पुढं झुकले. मी कान मागं केला, मामा. त्यांनी सांगितलेला प्रश्न मला सुचलेला नव्हता. मी साहेबांची परवानगी घेऊन तो विचारला आणि पोरीनं स्वच्छ उत्तर दिलं. त्या मागच्या खुर्चीचा उपयोग काय, यावर तुम्ही मला रविवारमागून रविवार पटवत होता. पुढच्या खुर्चीला कान असला तर आहे, एवढं मी आता मान्य करते. याला तुम्ही जिंकणं म्हणू नका.

घरी आल्यावर आईनं चहा टाकला. चहा झाल्यावर म्हणाली, "त्यो मागं बसला हुता त्यो कोण?"

"त्या पोरीचा वकील."

"पोरीचा? मग त्यो उठून का बोलंना?"

"त्याला बोलता येत नाही आई. फिर्यादीच्या वकिलाला बोलायचा हक्क नसतो. मागं बसायचं आणि सरकारी वकिलाच्या कानात सांगायचं."

"कुणालाच न्हाई?"

"कुणालाच नाही."

ती कपाच्या कानाला अंगठा घासत बसली. मग विचारलं, "आन् पोरगी त्याच्याकडं बघली तर काय बिघडतंय? त्यानं मान का घातली खाली?"

मामा, माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. ते टपरीवरचं, निकालातलं, तुम्ही उचलून स्वतःच्या अंगावर घेतलेलं. आईच्या बाजूनं अपील करायची हीच वेळ होती, आणि समोर ती स्वतः विचारत होती. मी तिच्या अंगठ्याकडं बघितलं आणि म्हटलं, "काही बिघडत नाही. रीत आहे तशी." कोर्टात माझा आवाज कधी इतका सरळ आलेला नाही. आईनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. तिला काय कळलं आणि काय नाही, मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. तुमची गोष्ट माझ्यापाशीच राहिली. तुम्ही अशील झालात शेवटी.

"नाव काय त्याचं?" आईनं विचारलं.

"देशमुख."

ती कप घेऊन मोरीकडं गेली. आमचं घर जाळणाऱ्यांत कोण कोण होतं ते तिनं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलेलं, त्यातली आडनावं मला पाठ आहेत. मला वाटलं विषय संपला.

सकाळी उठले तर चूल पेटलेली. आई ज्वारीच्या भाकरी थापत होती, खलबत्त्यात ठेचा झालेला. तिनं दोन फडकी बांधली. एक माझ्यासमोर सरकवलं. दुसरं हातात ठेवलं आणि म्हणाली, "हे त्या मागच्याला दे."

आता माझी पंचाईत बघा. बार रूममध्ये आम्ही सगळे एकाच टेबलावर जेवतो, पण कोण कुणाच्या डब्यातलं घेतं आणि कोण पोट भरलंय म्हणून हात आखडतो हे तुम्हाला मी सांगायला नको. देशमुख माणूस भला आहे, तरी मला धाकधूक. नाही म्हणाले तर आईला काय सांगायचं? दुपारी मी फडकं त्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, माझ्या आईनं दिलंय, काल तुम्हाला कोर्टात बघितलं तिनं. त्यांनी एकदा फडक्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. कशासाठी, असं विचारलं नाही. गाठ सोडली, भाकरी मोडली आणि खाल्ली, ठेच्यासकट, शेवटच्या तुकड्यापर्यंत. नाकाडोळ्यांतून पाणी आलेलं, रुमालानं पुसत म्हणाले, "मॅडम, आईला सांगा, ठेचा लय झणझणीत हुता."

संध्याकाळी मी रिकामं फडकं आईला दिलं आणि त्यांचा निरोप सांगितला. तिनं फडकं झटकलं, घडी घातली, मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवला. मग पदर डोळ्याला लावला आणि तसाच धरून ठेवला. मी जवळ जाऊन बसले.

"आप्पाला असाच लागायचा," ती म्हणाली.